ओबेंगच्या नावाची चॉकलेटची साल

बादू विचार न करता बोलला होता, हे घरातल्या सगळ्यांना तिथल्या तिथे कळलं. बादूला कळायला जरा वेळ लागला.

त्याचा थोरला भाऊ ओबेंग जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्ष भरल्यावरच्या रविवारी शोकाचे काळे-लाल कपडे पेटीत जातात, सगळे पांढरं नेसतात, रडणं संपलं असं मानतात आणि पाहुण्यांच्या हातावर गेलेल्याची काहीतरी आठवण ठेवतात. त्याच दिवशी ओपोकू मामा, म्हणजे आईच्या घराण्याचे कर्ते (वारसा त्याच घराण्यातून चालतो), गेलेल्याची जागा कोण घेणार ते जाहीर करणार होते. जागा म्हणजे ओबेंगची कोकोची बाग. ती सख्ख्या भावाला मिळायची की मावसभावाला, क्वार्तेंगला, एवढंच ठरायचं होतं. (सख्खा भाऊ धडधाकट समोर बसलेला असताना हे ठरवावं लागत होतं, यावरून बादूबद्दल घरच्यांचं मत काय होतं ते समजून घ्यावं.)

बैठकीत क्वार्तेंगने प्लॅस्टिकची वाडगी काढली. तळाशी ओबेंगचा फोटो छापलेला. फोटो काढताना नेमकी त्याची पापणी लवून डोळे मिटले होते.

"म्हणजे वर्षभर घराघरांत लोक माझ्या भावाच्या मिटल्या डोळ्यांवर सूप ओतणार?" बादू म्हणाला.

"मग तू काय देणार आहेस?" मामांनी विचारलं.

"साल," बादूच्या तोंडून निघून गेलं. "मी स्वतः करणार."

ओबेंगने तरुणपणी तेमा शहरातल्या चॉकलेट कारखान्यात नोकरी केली होती. दर नाताळला तो शहरातून चॉकलेटच्या लाद्या आणायचा, वितळवून ताटात पातळ पसरायचा, वर भाजलेले शेंगदाणे आणि काजू दाबायचा आणि घट्ट झालं की हाताने मोडायचा. ते तुकडे कोकोच्या खोडाच्या सालीसारखे दिसत, म्हणून घरात त्यांना सालच म्हणत. गावात कोको पिकवून म्हातारे झालेले कितीतरी लोक होते. चॉकलेट त्यांनी पहिल्यांदा खाल्लं ते ओबेंगच्या हातचं. बादूने आजवर त्यात केलेलं काम म्हणजे भांडं चाटणं.

मामांनी वाडगी उचलून पालथी ठेवली. मग वाडगी रद्द केली म्हणाले. पण रविवारी पाहुणे रिकाम्या हाताने परत गेले, तर बाग क्वार्तेंगची. ज्याला एक ताट निभावता येत नाही, त्याच्या हाती झाडं कशी द्यायची.

ओबेंगच्या बायकोने, सेरवा वहिनीने, त्याला सांगितलं, लाद्या विकत आण, मी मदत करते. इथे बादूला आणखी एक कल्पना सुचली. कोकोच्या झाडाखाली जन्मलेल्या माणसाने चॉकलेट विकत आणायचं? घरात एका पोत्याच्या तळाशी ओबेंगच्याच झाडांच्या वाळवलेल्या बिया उरल्या होत्या. त्याच झाडांची साल करायची, नाहीतर करायचीच नाही. वहिनी म्हणाली, तुझ्या भावालासुद्धा हे कधी सुचलं नव्हतं. बादूला ती शाबासकी वाटली.

बिया भाजल्या, बोटं काळी होईपर्यंत सोलल्या, आणि शनिवारी सकाळी तो टोप डोक्यावर घेऊन गिरणीत गेला.

गिरणीत रांग होती. मक्याचं जातं वेगळं. दुसऱ्या जात्यावर मिरची, कांदा, शेंगदाणे सगळं दळलं जायचं. बादूच्या पुढच्या बाईने नुकतीच शितोच्या चटणीसाठी सुकी मिरची दळून नेली होती. सगळी गिरणी शिंकत होती. गिरणीवाला ओसेई म्हणाला, मागे दाण्याची टोपली घेऊन उभी आहे तिला आधी जाऊ दे. तिला सूप करायचंय, त्यात मिरची चालते. तिच्या दाण्यांनी जातं पुसून निघेल.

"तू जरा थांब," ओसेई म्हणाला.

हा शब्द त्याने वापरायला नको होता. वर्षापूर्वी हॉस्पिटलच्या बाकावर बादूला असंच थांब म्हणाले होते. तो थांबला होता. आत बोलावलं तेव्हा ओबेंगच्या तोंडावरून चादर ओढलेली होती. तेव्हापासून त्याला कुणी थांब म्हटलं की पुढचं ऐकू येत नसे.

"माझ्या भावाचं काम आहे," तो म्हणाला आणि अख्खा टोप जात्याच्या तोंडात उपडा केला. दाणेवाली बाई तोंड उघडून बघतच राहिली. ओसेईने काही सांगायचा प्रयत्न केला, पण जात्याच्या आवाजात ते विरून गेलं. खालून काळाभोर, चकचकीत लगदा पडायला लागला. बादूने दाणेवालीकडे असं पाहिलं, जणू त्याने जातं नुसतं वापरलं नव्हतं, शोधून काढलं होतं.

घरी वहिनीने मंद आचेवर त्यात साखर घातली, दुधाची पावडर घातली, हात भरून येईपर्यंत ढवळलं. बादूने दाणे भाजले, काजू मोडले. ताटं पसरली. सगळं अगदी ओबेंगच्या ताटांसारखं दिसत होतं, आणि वहिनी पहिल्यांदाच त्या दिवशी हसली. मग तिने पळी चाटली.

हसू तिथेच राहिलं, बाकीचा चेहरा बदलला. ती उठून दोन पेले पाणी प्यायली.

"गिरणीत तुझ्या आधी कोण होतं?"

"शितोवाली. का?"

तिने पळी त्याच्या हातात दिली. बादूने चाटली. आधी ओबेंग आला. खरंच आला, नाताळची सकाळ, त्याचे चिकट हात, सगळा. आणि त्याच्या पाठोपाठ, चोराच्या मागे पोलीस यावा तशी मिरची आली.

"वहिनी," आवाज परत आल्यावर तो म्हणाला, "फार लागते का गं?"

"तुझे कान लाल झालेत."

घरात वाळवलेल्या बिया उरल्या नव्हत्या. शहराची शेवटची गाडी निघून गेली होती. वाडगी रद्द झाली होती. त्यांनी आटवलेल्या दुधाचे होते तेवढे डबे ओतले, मग उरलेली साखर, मग शेजारणीची साखर. ताटं फ्रिजमध्ये ठेवताना वहिनी म्हणाली, गार झाल्यावर कमी लागेल. बादूने मान डोलावली. दोघांचाही त्यावर विश्वास नव्हता.

रविवारी अंगणात मांडवाखाली सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत बसलं. ताटं फिरली. मांडवामागे कुंपणाचं फाटक उघडं होतं आणि त्यापलीकडे रस्ता होता. बादूने दोनदा तिकडे पाहिलं. मग तो खांबाला पाठ लावून उभा राहिला. सकाळपासून पोटात पाणीसुद्धा गेलं नव्हतं.

मामांनी तुकडा उचलला. गेलेल्याच्या नावाने वाढलेलं थुंकत नाहीत, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. मामांनी चावलं. सगळ्यांनी चावलं.



पहिल्या रांगेत पाद्रीबाईंनी हळूच डोळे टिपले. मग त्यांच्या शेजारणीने. मग रांगच्या रांग पाझरायला लागली. पांढरं नेसून रडायचं नसतं म्हणून सगळे आवरत होते, आणि आवरलं की जास्तच येत होतं. कुणी हुंदके देत होतं, कुणी नाक ओढत होतं. रस्त्याने जाणारा एक परका माणूस आत डोकावला. एवढं दुःख पाहून त्याने टोपी काढली, रिकाम्या खुर्चीत बसला, आणि त्याच्याही हातावर कुणीतरी तुकडा ठेवला.

क्वार्तेंग भाषण करायला उठला. त्याने तोंड उघडलं, "पाणी" म्हणाला आणि घराच्या दिशेने पळाला.

सेरवा वहिनी बादूजवळ आली. त्याचा सगळा चेहरा ओला होता. सदऱ्याची कॉलरही.

"तुला काय झालं?" ती हळूच म्हणाली. "तू तर तुकडा घेतला नाहीस."

बादूने बाहीने गाल पुसले. वर्षभर एक थेंब आला नव्हता. आता थांबत नव्हतं. वहिनीने आपल्या पांढऱ्या पदराचं टोक त्याच्या हातात दिलं आणि स्वतः दुसऱ्या टोकाने डोळे पुसले.

मामा उभे राहिले. घसा बसला होता, त्यामुळे थोडक्यात बोलावं लागलं. पुरलं त्या दिवशीसुद्धा हे गाव असं रडलं नव्हतं, असं म्हणाले. बाग बादूची, असं म्हणाले. मग त्याच्या कानाशी आले.

"मिरची कुठली?"

"गिरणीतली, मामा. माझीच चूक."

"फाटक उघडं होतं. तू पळाला नाहीस, म्हणून बाग. पण चुलीच्या आसपास दिसलास तर झाड न् झाड काढून घेईन."

पुढच्याच आठवड्यात, त्या रविवारी मांडवात येऊन गेलेला पलीकडच्या गावचा एक माणूस बादूचा पत्ता विचारत आला. साल हवी होती, चांगली चार ताटं भरून. बादूची छाती फुगली. मामांना काय सांगायचं याची तो मनात जुळवाजुळव करायला लागला. इतकी आवडली का, त्याने विचारलं.

"छे हो, गिळवत नव्हती," माणूस म्हणाला. "पण शनिवारी आमच्या सासूबाईंना पुरायचंय, आणि घरात कुणाच्या डोळ्याला पाणी येईल असं दिसत नाही."