उद्या पालकांना घेऊन ये

ऑनलाइन टवाळखोरांचा बंदोबस्त हा मुळात विज्ञानाचा प्रश्न आहे, असं चिमटीचं ठाम मत होतं.

"नमुना घ्यायचा, नोंद करायची, कारण शोधायचं, उपाय करायचा. यात रडारड कशाला?" असं ती जेवताना घरच्यांना सांगायची. घरचे म्हणजे बाबा आणि आत्या. बाबा "हं" म्हणायचे. आत्या म्हणायची, "आधी ताटातलं संपव."

चिमटी रसायनशास्त्राची पदवी घेऊन पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली होती. काचेच्या बरणीत माती, खडे, शेवाळ आणि इवलीशी झाडं लावून छोटंसं जंगल उभं करायचं, हा तिचा छंद. त्यासाठी लागणारा हातभर लांब चिमटा सदैव हातात असायचा, म्हणून घरात तिचं नाव चिमटी. असा छंद असणाऱ्यांचा एक गटही ऑनलाइन होता, 'बरणीतली बाग'. सभासद साडेचारशे. गट काढला होता एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांनी. डोळे थकले तशी त्यांनी गटाची देखरेख चिमटीकडे सोपवली.

"सांभाळ गं पोरी," ते म्हणाले होते. "झाडांचं काही नाही, ती शहाणी असतात."

चिमटीने पहिल्याच आठवड्यात नियमावली केली: नोंद, इशारा, हकालपट्टी. 'विंचू' नावाचा एक इसम प्रत्येकाच्या बरणीखाली घाणेरड्या शिव्या लिहायचा. त्याला तिने दोन दिवसांत तीनही पायऱ्या चढवून दारातून बाहेर ढकललं! त्या रात्रीच्या जेवणात तिचं व्याख्यान पाऊण तास चाललं.

"पण काम वाढलंय हो," शेवटी ती म्हणाली. "रोज चाळीस-पन्नास जणांचं तपासावं लागतं मला. आणि मदतीला कुणी नाही."

"चाळीस-पन्नास? रोज?" आत्याने काळजीने विचारलं. आत्या चौतीस वर्षं शाळेत हस्तकला आणि विज्ञान शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली होती. तपासायच्या गठ्ठ्यांचं दुःख तिला कळत होतं.

"रोज!" चिमटी म्हणाली आणि भात कालवू लागली.

त्यानंतर चारच दिवसांनी गटात 'तपासणारे' नावाचा एक नवा प्राणी उगवला.

हा शिव्या देत नव्हता. शिव्या परवडल्या असत्या! एका बाईंनी हौसेने टाकलेल्या बरणीखाली त्याने लिहिलं, "दहापैकी दोन. तेही बरणीचे." दुसऱ्या एका बाईंना लिहिलं, "घरातल्या मोठ्या माणसाने करून दिलेलं स्पष्ट दिसतं." आता ती बरणी खरोखरच त्यांच्या नवऱ्याने लावून दिली होती. त्यामुळे त्या घरात दोन दिवस अबोला! गटातल्या सगळ्यात नावाजलेल्या सभासदाला, म्हणजे दंतवैद्यांना, त्याने सुनावलं, "शेवाळाला शिस्त नाही. शेजाऱ्याचं पाहून केलं आहे."

आणि मग पोस्टमन आला.

पोस्टमन अठ्ठावन्न वर्षांचा, कमालीचा लाजाळू. वर्षभर तो गटात नुसता बघत होता. चिमटीनेच त्याला महिनाभर धीर दिला होता, "टाका हो फोटो. इथे कुणी हसत नाही." शेवटी त्याने लोणच्याच्या रिकाम्या बरणीत लावलेली आपली पहिली बाग टाकली. थोडी वाकडी, थोडी धुरकट, पण जिवंत. बावीस मिनिटांत खाली कमेंट:

"प्रयत्न दिसतो, विचार दिसत नाही. काच आधी पुसावी. उद्या पालकांना घेऊन ये."

पोस्टमनने उत्तर लिहिलं, "माझे आईवडील जाऊन वीस वर्षं झाली. त्यांना कशाला मध्ये आणता?" आणि तो गट सोडून निघून गेला.

गटात आग लागली! "आईबापांपर्यंत पोचला!" "घरात घुसून मारा!" एरवी शेवाळावर पाणी किती शिंपडावं यावर चर्चा करणारी माणसं एकमेकांवरच संशय घेऊन तुटून पडली. घड्याळवाल्या काकांचा फोन आला.

"पोरी, आठ वर्षांत इथे कुणी कुणाचा बाप काढला नव्हता."

"काका, मी शोधते त्याला."

"रविवारपर्यंत शोध. नाहीतर मी गटाला कुलूप लावतो. आणि त्या पोस्टमनचं वाईट वाटतं गं. त्याला तूच आणलं होतंस ना?"

तूच आणलं होतंस ना! हे वाक्य चिमटीला माशाच्या काट्यासारखं टोचत राहिलं. गट गेला तर गेला, पण त्या माणसाला तिने शब्द दिला होता की इथे कुणी हसत नाही.

तिने 'तपासणारे'ची हकालपट्टी केली. दुसऱ्या दिवशी 'तपासणारे २' हजर. त्याला काढलं, तर 'तपासणारे ३'! झुरळसुद्धा इतक्या चिकाटीने परत येत नाही.

बुधवारी सकाळी ती न्याहारीच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. आतापर्यंतच्या सगळ्या तेवीस कमेंट तिने तक्त्यात भरल्या होत्या. तारीख, वेळ, शब्दसंख्या, अपमानाची तीव्रता एक ते पाच.

"अगं चिमटे," आत्या म्हणाली, "तो तुझा जुना टॅब आहे ना, तो मला सारखा बाहेर काढतो. रोज नव्याने नाव विचारतो."

"हं."

"आणि कालचं नाव घातलं तर घेतच नाही. काय करू?"

"परवा सांगितलं ना, पुढे आकडा लाव, आत्या," मान वर न करता चिमटी म्हणाली. "एक, दोन, तीन. घेईल."

"तेच करतेय. बरोबर आहे ना पण ते?"

"अगदी बरोबर. आता जरा थांब, मी एका नालायक माणसाच्या मागावर आहे."

"कर बाई तू तुझं काम," आत्या म्हणाली आणि कपबशा घेऊन आत गेली.

तक्ता मात्र बोलू लागला होता! सगळ्या कमेंट दुपारी चार ते पाचच्या दरम्यान. आणि गुरुवारी एकही नाही. एकदाही नाही! चिमटीने ओठ चावला. चार ते पाच मोकळा आणि गुरुवारी गायब, असा माणूस कोण? तिने सभासदांची माहिती चाळली आणि एका नावावर तिचं बोट थांबलं. दंतवैद्य! 'दवाखाना सकाळी दहा ते एक, दुपारी साडेचार ते आठ. गुरुवारी बंद.' साडेचारला पेशंट येईपर्यंत आणि मग दोन पेशंटच्या मध्ये बसून हा माणूस लोकांचे आईबाप काढतो, आणि गुरुवारी दवाखाना बंद म्हणून संगणकही बंद. आणि स्वतःलाच एक टोमणा मारून घेतला, तो संशय टाळायला. केवढा धूर्त!

तिने अकरा पानांचा अहवाल लिहिला. आलेख दोन, निष्कर्ष एक. फक्त कबुलीजबाब बाकी होता. त्याच दुपारी अर्धी रजा टाकून ती पेशंट म्हणून दवाखान्यात शिरली. बाहेरच्या खोलीत मासिकांच्या शेजारी ती सुप्रसिद्ध बरणी होती. शेवाळ, खरं सांगायचं तर, जरा बेशिस्तच होतं.

"काय होतंय?" दंतवैद्यांनी विचारलं. माणूस गोल चेहऱ्याचा, मऊ आवाजाचा. असेच असतात हे, चिमटीच्या मनात आलं.

"दाढ दुखते," तिने ठोकून दिलं. "डॉक्टर, तुम्ही दुपारी चार ते पाच काय करता?"

"आ करा."

"पण मी विचारत होते..."

"मोठा आ."

तिने आ केला आणि त्या क्षणी चौकशीची सूत्रं तिच्या हातातून गेली. तोंडात आरसा, सळी आणि लाळ ओढणारी नळी असताना आरोपीला प्रश्न विचारणं किती अवघड असतं, हे पदवीला कुणी शिकवत नाही.

"आअ्ही ओऑआ..." ती म्हणाली.

"बोलू नका. अरे वा! खरंच भोक आहे की हो. चांगलं मोठं. आताच भरून टाकू."

"ओओ! आको!"

"दोन मिनिटांचं काम. इंजेक्शन टोचेल जरा."

यंत्र सुरू झालं. दंतवैद्यांचे दोन्ही हात तिच्या तोंडात. समोरच्या भिंतीवर घड्याळ, चार वाजून सत्तेचाळीस मिनिटं. आणि तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन टुंग करून वाजला. गटातल्या कमेंटसाठी तिने मुद्दाम लावलेला तो आवाज होता. लगेच दंतवैद्यांच्या टेबलावरचा फोनही वाजला. त्यांनी यंत्र थांबवलं आणि लांबूनच वाचलं.

"आला मेला," ते उसासा टाकून म्हणाले. "'तपासणारे ४'. बघा, पुन्हा माझ्याच बरणीवर. 'सांगूनही सुधारणा नाही. बाकावर उभा राहा.' सांगा, मी कोणाच्या बाकावर उभा राहू? छंद आहे माझा एक, बरण्यांचा. हल्ली फोटो टाकायचीच भीती वाटते."

त्यांचे डोळे खरोखर ओलावले होते. चिमटी छताकडे बघत पडून राहिली. संशयिताची दहाच्या दहा बोटं गुन्ह्याच्या वेळी तपास अधिकाऱ्याच्या तोंडात होती. यापेक्षा भक्कम पुरावा जगातल्या कुठल्याही न्यायालयात मिळाला नसता!

अर्धा जबडा बधिर, गाल वांग्याएवढा, अशा अवस्थेत ती पाच वाजून दहा मिनिटांनी घरी पोचली. या वेळी ती कधीच घरी नसायची. जेवणाच्या टेबलावर आत्या बसली होती. नाकावर चष्मा, समोर चहाचा कप, शेजारी वही. टॅब पुस्तकाला टेकवून उभा केलेला. आत्या एका बोटाने, शांतपणे, एकेक अक्षर दाबत होती.

"आलीस? बरं झालं," ती म्हणाली. "आज जरा उशीर झाला, सहा झाले. टॅबवर तुझा तो बरण्यांचा गट दिसला, आणि तू दमतेस म्हणून मीच घेते थोडे तपासायला. पण काय गं तुझी ही मुलं! एकाला धड काच पुसता येत नाही. कितवीची आहेत?"

चिमटीने टॅबवर पाहिलं. मग वहीत पाहिलं. वहीत तक्ता होता, तिच्या तक्त्यापेक्षा नेटका. नाव, गुण, शेरा. सर्वात वर लिहिलं होतं, 'तपासणारे'. खाली आत्याची सही.

"आआ्या!" चिमटी किंचाळली. बधिर तोंडातून तेवढंच निघालं.

"तोंडाला काय झालं तुझ्या?"

"ई उलं आईएत!"

"काय?"

चिमटीने पेन ओढून घेतलं आणि वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: ही मुलं नाहीत! मोठी माणसं आहेत!!

आत्याने ते दोनदा वाचलं. चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"मोठी माणसं?" ती हळूच म्हणाली. "मग बरणीत चिखल कशाला कालवत बसतात?"

तिने पेनानेच सगळं सांगितलं: आग, काका, रविवार, पोस्टमन. पोस्टमनच्या आईवडिलांपाशी आल्यावर आत्याचा चेहरा पडला.

"चौतीस वर्षांत मी एकाही पोराला असं दुखावलं नाही," ती म्हणाली. "म्हणजे, दुखावलं असेल. पण संध्याकाळी हाक मारून जवळ घेतलंय. याला कुठून हाक मारू?"

"आणि गुरुवारी?" तोंडाला थोडी जाग आल्यावर चिमटीने विचारलं. शास्त्रीय कुतूहल, दुसरं काय!

"गुरुवारी माझं वाचनालय असतं. विसरलीस?"

आत्याने टॅबवर विश्वास ठेवला नाही. तिने कागद घेतला, वळणदार अक्षरात माफीचं पत्र लिहिलं. पत्ता चिमटीने घड्याळवाल्या काकांकडून मिळवला. आत्याने तिकीट लावलं आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं. चिमटीने गटात सगळा प्रकार खरा खरा लिहिला. नवीन नाव सुचवल्याची बारीकशी बाब तेवढी जागेअभावी राहून गेली. मग दंतवैद्यांनी लिहिलं, "बाई, शेजाऱ्याचं पाहून केलं होतं. तुम्हाला कसं कळलं?" त्यानंतर सगळे सुटलेच.

रविवारी सकाळी काका कुलूप घेऊन बसले होते. नऊ वाजता गटात एक फोटो आला. तीच लोणच्याची बरणी. काच अशी लखलखीत पुसलेली की आतलं शेवाळ हाताला लागेल असं वाटावं. खाली पोस्टमनने लिहिलं होतं:

"स्वतःचं पत्र स्वतःच्याच पिशवीत पहिल्यांदा आलं. बाई, काच पुसली आहे. तपासून मिळावी. पालक येऊ शकत नाहीत, मुलगा आला तर चालेल का?"

आत्याने पदराने डोळे टिपले आणि टॅब जवळ ओढला. "आठ गुण," तिने एका बोटाने लिहिलं. "मुलाला नको. तुम्हीच या, चहाला."

गट वाचला. आता ज्याला शेरा हवा तो फोटोखाली 'तपासावे' असं लिहितो. साडेचारशेंपैकी चारशे दहा जण लिहितात. मध्यंतरी 'विंचू' नवीन नावाने परत आला आणि त्याने आत्यालाच एक भली मोठी शिवी लिहिली. चिमटी नियमावली काढेपर्यंत आत्याचं उत्तर गेलंही होतं: "शुद्धलेखनाच्या चार चुका. प्रत्येक शब्द दहा वेळा लिहून आण." तो त्यानंतर दिसला नाही.

राहता राहिला चिमटीचा अकरा पानी अहवाल. तो टेबलावर पडला होता, तो आत्याच्या हाती लागला. दुसऱ्या दिवशी चिमटीला तो परत मिळाला, शेवटच्या पानावर लाल शाईत:

"मांडणी नेटकी. आलेख उत्तम. निष्कर्ष साफ चुकीचा. आरोपीला नाव बदलायची युक्ती कोणी शिकवली, याचा उल्लेख नाही. पुन्हा लिहावा. पालकांची सही आणावी."

बाबांनी "हं" म्हणून सही केली.