दोन्काबाईंचा गोल पाव

"बल्गेरियाचं मी सगळं वाचून आलोय!" बर्मिंगहॅमच्या कालव्याकाठी दीनानाथांनी तिसऱ्यांदा सांगितलं. "दही त्यांचं, गुलाब त्यांचे. आज माझ्या हातून चूक होणे नाही!"

चूक होऊन चालणारच नव्हतं. लेकाच्या, वेदच्या होणाऱ्या सासूबाई आज पहिल्यांदा भेटणार होत्या. त्यांना माणसं पसंत पडली, तरच रविवारी साखरपुडा! दीनानाथांचा जीव उतू जायला आलेल्या दुधासारखा सकाळपासून वरखाली होत होता.

"अहो, हळू चाला! कालवा कुठे पळून चालला नाहीये," स्वातीताई म्हणाल्या. "ती बोट तरी बघा, काय रंगवलीय!"

"बोट परत येताना!"

कालव्यासमोरचंच घर. दार उघडलं. दोन्काबाई उंबरठ्यात उभ्या. हातांत कशिद्याचा रुमाल, रुमालावर परातीएवढा गोल पाव, पावाच्या मधोमध खळगीत मीठ. शेजारी लेक रालित्सा, हसू ओठांत मावत नसलेली. वेद पुढे होऊन तिच्याजवळ उभा राहिला.

उंबरठा, भाकर आणि मीठ! दीनानाथांचे डोळेच भरून आले. सातासमुद्रापलीकडच्या माऊलीला आपला भाकरतुकडा ठाऊक! जोडीची दृष्ट काढायची ठाऊक!

"बाबा, त्यातला एक…" वेद म्हणाला.

"कळतं रे मला!"

त्यांनी पाव मिठासकट उचलला, दोघांवरून तीनदा ओवाळला. "आल्यागेल्याची, वाटेवरल्याची, पाण्यातल्या पाखराची, इडापिडा टळू दे!" असं गुणगुणत रस्ता ओलांडला आणि मागे न बघता दिला भिरकावून कालव्यात!

धपाक्! पंगतीची हाळी ऐकल्यासारखी बदकं धावली.

दीनानाथ वळले. दोन्काबाई रिकामा रुमाल तसाच धरून उभ्या होत्या.

"बाबा! तुकडा मोडून, मिठाला लावून खायचा होता! स्वागत होतं ते आपलं! पहाटे पाचला उठून मळलाय त्यांनी!"

"मी… काढून आणतो," म्हणत दीनानाथ खरोखरच बूट सोडायला बसले.

रालित्सा आईला भराभर काहीतरी सांगत होती. दोन्काबाईंनी एकच प्रश्न विचारला. वेदने तो घाबरत घाबरत मराठीत आणला, "विचारतायत, ओवाळला कुणावरून? माझ्या एकट्यावरून?"

"छे! आधी पोरीवरून!"

उत्तर पोचलं. दोन्काबाईंनी रुमाल खांद्यावर टाकला, लेक-जावयाकडे तोंड करून कोरडंच "थू थू थू" केलं आणि दीनानाथांना दंडाला धरून आत ओढलं.

मग काय थाट! चीज भरलेली खुसखुशीत बानित्सा, काकडी-लसणाचं गार ताकासारखं सूप, टोमॅटोवर किसलेल्या पांढऱ्या चीजचा डोंगर, शिवाय घेवड्याचा वाफाळता रस्सा! फक्त रश्शाशी खायला पाव नव्हता. सगळे चमच्याने रस्सा ओरपत होते आणि अधूनमधून खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बदकं जेवत होती.

"बाबा," वेद म्हणाला, "रविवारी त्या दोन पाव करणार आहेत. एक खायला, एक तुम्हाला टाकायला."

दीनानाथांचा जीव भांड्यात पडला.

"त्यांना सांग," स्वातीताई रस्सा संपवत म्हणाल्या, "खायचा तो आधी माझ्या हातात द्या!"