तात्या आणि पाच घरांची टाकी

तात्या माणसाला तोंडावरून ओळखत नाहीत, शेणावरून ओळखतात. सकाळी साडेसहाला ते आपल्या परड्यात गोबरगॅसच्या टाकीपाशी, पालथ्या घातलेल्या दुधाच्या क्रेटवर बसलेले असतात. आपण पाटी खाली ठेवली तरी ते मान वर करत नाहीत. काठीचं टोक शेणात खुपसतात, बघतात आणि निकाल देतात. "काल पेंड कमी पडली." "खालची माती खरवडून आणू नगा." एकदा लीलाबाईंची पाटी बघून म्हणाले, "घरात भांडान झालं जनू." लीलाबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या, कारण झालं होतं. तात्यांचा हिशेब सरळ होता. शेण वरून वाळलंय, म्हणजे गोठा उशिरा झाडला, म्हणजे झाडणारीचं लक्ष दुसरीकडे होतं.

तात्या आमच्या ह्यांचे चुलत चुलते. पिरंगुटच्या एका कंपनीत पाइप जोडायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. घोटावड्याच्या बाजूला आमची वाडी आहे. एकेका घरी दोन-तीन जनावरं, त्यामुळे एका घराच्या शेणावर टाकी चालणं शक्य नव्हतं. तात्यांनी घरोघर जाऊन पाच घरं एकत्र केली: आमचं, लीलाबाईंचं, दत्तूचं, दत्तूच्या भावाचं आणि त्यांचं स्वतःचं. टाकी योजनेतून मिळाली, पाइप तात्यांनी टाकले. टाकीवर लोखंडी टोपी आहे. गॅस भरला की ती वर येते, वापरला की खाली बसते. तात्यांनी तिच्यावर लाल रंगानं रेघा मारल्यात. वाडीत कुणी भेटलं तर बरं आहे का असं तात्या विचारत नाहीत. "टोपी तिसऱ्या रेघंवर हाय," एवढं सांगून पुढे जातात.

टाकीला ते 'ती' म्हणतात. "तिला आंबट चालत न्हाई." "तिला थंडी सोसत न्हाई." थंडीत ते तिच्याभोवती पोती आणि पेंढा बांधतात, शेण कालवायला कोमट पाणी घेतात. बाळंतिणीला इतकं कुणी जपत नाही. एकदा हे बोलणं ऐकून मीटर बघायला आलेल्या माणसानं विचारलं, आजी आजारी आहेत का? तात्यांची बायको जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तात्या म्हणाले, "आजी न्हाई वो, टाकी. पोट बिघडलंय तिचं."

पोट खरंच बिघडलं होतं. दत्तूच्या भावाच्या मुलीचा साखरपुडा झाला होता आणि उरलेला मसालेभात, मठ्ठा आणि जिलबीचा पाक त्यांनी टाकीत ओतला होता. शेण खाऊन चालते तर हे खाऊन आणखी जोरात चालेल, असं त्यांना वाटलं. टाकीला फेस आला, आंबूस वास सुटला आणि पाची घरांच्या शेगड्या विझल्या. तात्यांनी तिला चुन्याची निवळी पाजली. आठ दिवस रोज थोडी थोडी, आणि वरून काही खायला नाही. दत्तूच्या भावाशी ते आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी शेगडी निळी पेटली तेव्हा त्यांनी त्याच्या पाटीत काठी खुपसली आणि म्हणाले, "बरं हाय." तोच समेट.

गॅसची वेळ सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास. अंघोळीचं पाणी गॅसवर ठेवायचं नाही. तरी कुणी ठेवलंच तर टोपी भराभर खाली जाते. मग तात्या गल्लीतून चक्कर मारतात आणि प्रत्येकाच्या डोक्याकडे बघतात. "दत्तू, केसातनं वाफ येतीया."

त्यांचा मुलगा भूगावला फ्लॅटमध्ये राहतो. तो चांगला आहे, दर महिन्याला न्यायला येतो. तात्या एकदा गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. काय झालं विचारलं तर म्हणाले, "लिफ्टमदी रोज मान्सं भेटत्यात. पन कुनाच्या हातात पाटी न्हाई. बोलायचं काय?"

मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. पदर सावरायचा, पाटी ठेवायची, निकाल ऐकायचा, पाटी उचलायची. अशी सहा वर्षं गेली.

मागच्या थंडीच्या आधी दत्तूनं गायी विकल्या. तात्या त्याला काही बोलले नाहीत आणि त्याची लाइनही तोडली नाही. फक्त त्यानं रोज पाटी घेऊन यायचं, हे कायम ठेवलं. दत्तू भाजीची सालं आणतो. तात्या तीही काठीनं उलटीपालटी करतात. "वांगं किडकं व्हतं."

पण सालांवर काय गॅस होणार. टोपी पहिल्या रेघेवर रेंगाळायला लागली. भाकरी अर्ध्यात आली की जाळ बसायचा. लोक कुरकुरायला लागले. लीलाबाई एक दिवस आमच्या ओट्यावर म्हणाल्या, "टाकी त्येंच्या परड्यात, पयला कॉक त्येंचा. पोटभर वडून घेत्यात आन उरलंसुरलं आमाला." दत्तू हो म्हणाला. आमचे हेही म्हणाले, आपण सिलेंडरवर जाऊ. मला ते नको होतं, पण मी काही बोलले नाही. आता सगळ्यात जास्त शेण आमच्याच दोन म्हशींचं होतं. आम्ही सुटलो की टाकी बंदच पडणार होती.

हे तात्यांना सांगायचं कुणी? ह्यांना चुलत्यापुढे तोंड उघडवेना. म्हणाले, तू रोज जातेस, तूच सांग. सगळ्या वाडीत त्यांना मीच सापडले.

मी दुपारी गेले. रिकाम्या हातानं तिथं जायची सवय नव्हती म्हणून पाटी घेतली. टाकीपाशी तात्या नव्हते. दार उघडं होतं. आत गॅसच्या शेगडीवर कांद्यांची टोपली ठेवलेली. भिंतीवरच्या कॉकला सुतळीचे वेढे आणि सुतळीवर धुळीचा थर. मी "मामंजी" म्हणून हाक मारली, ती मलाही नीट ऐकू आली नाही. मागच्या दारातून धूर येत होता. तो रोजच यायचा. टाकीसाठी पाणी कोमट करतात, असं आम्ही सगळे समजत होतो.

तात्या तीन दगडांच्या चुलीवर पिठलं घोटत होते. डोळे लालभडक. त्यांनी आधी पाटीकडे बघितलं. "मोकळी कशी? म्हस आजारी हाय का?"

मी आत शेगडीकडे बोट केलं.

त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाले, "दत्तूनं गाया इकल्या तवापासनं. गॅस चार घरांपुरताच व्हतो."

"मग सांगायचं," माझ्या तोंडून निघून गेलं.

"सांगून काय व्हनार? तू म्हनशील आमचं बंद करा, लीला म्हनंल आमचं. लाजंकाजंनं येकेक जन सुटंल. मग सकाळी हितं कोन येनार? म्या आन ती टोपी, येकमेकाकडं बघत बसायचं?" त्यांनी पिठलं उतरवलं. "कुनाला बोलू नगं."

मी कुणाला काय बोलणार, हे त्यांनाही माहीत होतं.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, सांगितलंस? मी म्हटलं, नाही, आणि आपण सोडायचं नाही. ह्यांनी दोनदा माझ्याकडे बघितलं आणि विषय सोडला. आम्ही राहिलो म्हणून बाकीचेही राहिले. लीलाबाईंची कुरकुर मात्र चालू होती. मी ऐकून घेत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी भात आणि डाळ मागच्या चुलीवर करायला लागले. घरात सांगितलं, चुलीवरच्या डाळीला चव असते. ते सगळ्यांना पटलं. आठवड्यात टोपी दोन बोटं वर आली. तात्या तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले, रेघेवर बोट ठेवून बघितलं आणि माझ्या पाटीत काठी खोलवर घातली. "काय चारतीस ग हिला?" मी मान हलवली. त्यांनी लगेच जाहीर केलं, आजपासून लीलाच्या घराला धा मिनटं जास्त. तिची भाकर कच्ची राहते. लीलाबाई म्हणाल्या, बघा, मनात आणलं की सोडतात. तात्यांच्या मागच्या दारातून दुपारी धूर निघतच होता.

मग मी भाजीही चुलीवर ठेवली.

एका दुपारी मी फुंकणीनं जाळ करत होते. धुरातून बघितलं तर कुंपणापलीकडे तात्या काठी टेकून उभे होते. त्यांनी माझी चूल बघितली, वळून आपल्या मागच्या दारातल्या धुराकडे बघितलं आणि निघून गेले.

सकाळी मी पाटी ठेवली. काठी पाटीत गेली नाही. तात्यांनी मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. माझेही डोळे लाल होते. त्या दिवशी निकाल आला नाही.

संध्याकाळी गॅस सोडायच्या वेळेला मी त्यांच्या दारावरून गेले. शेगडीवरची कांद्यांची टोपली बाहेर ओट्यावर ठेवलेली होती.