एक मांडव व दोन वेल यांचा निवाडा

श्री ॥ माती तळी राहते, वेल वर चढतो, आणि रोज पाणी घालणारा हात कोणाच्या ध्यानी राहत नाही. त्या हातास प्रथम नमस्कार. शके एकोणीसशे एकवीस, प्रमाथी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी स्वामींची आज्ञा आली जे, परसात मांडव एकच असता दोडका लावावा की घोसाळे लावावे, दोहींत थोर कोण, हे साद्यंत शोध करून लिहून पाठवावे. आज्ञा शिरसावंद्य. सेवकाने शोध केला, तो एका राज्यात या दोन वेलांवरून जे वर्तमान घडले ते कानी आले, आणि काही डोळ्यांनी पाहिले, तेच लिहितो.

राज्य म्हणाल तर उत्तरेस विहीर, दक्षिणेस न्हाणी, पूर्वेस शेजाऱ्यांची भिंत आणि पश्चिमेस सांडपाण्याचा चर, इतकी सरहद्द, आणि मध्ये चार बांबूंवर मांडव, तेच तख्त. राजे जनार्दनपंत, सरकारी कचेरीतून पेन्शनीवर आलेले, आणि राणी मथुराबाई. कन्या नलिनी त्याच गावी दिली होती, ती येऊनजाऊन असे. मांडवावर वेल एकच चढावा, दोन चढविले तर गुंता होऊन दोन्ही फळावयाचे राहतात, हे जाणून दरसाल मृगाच्या आधी उभयतांची मसलत बसे. राजे म्हणत, दोडका पथ्याचा, मुगाची डाळ घालून केला तर दुखणाईतासही चालतो, आणि शिरा तासून तीळ घालून चटणी केली तर टाकावयाचे काही उरत नाही. राणीसाहेब म्हणत, घोसाळे अंगाने मऊ, चकत्या बेसनात तळल्या तर तोंडात विरघळतात, आणि जून झाले तरी वाळवून आतली जाळी अंग घासावयास होते. यावर राजे हसून म्हणत, "अंग घासायची वस्तू पानात वाढतेस होय?" आणि मग हुकूम दोडक्याचा होई. राजे म्हणतील ती पूर्व दिशा. हुकूम राजांचा, परंतु बी पुरावयाचे घरच्या बाईने, असा त्या राज्याचा शिरस्ता, म्हणून राणीसाहेब आपल्या हातांनी दोडका लावीत, आणि राजांनी उभ्या जन्मात बियास हात लावला नव्हता.

एके साली राणीसाहेबांनी माहेरून भावाकडचे घोसाळ्याचे बी आणिले आणि न बोलता पूर्वेच्या भिंतीपाशी लाविले. वेल जोरात आला, भिंत सोडून मांडवाकडे वळला, आणि राजांनी कोयती घेऊन तो बुडाशी कापिला. राणीसाहेब कापलेल्या वेलापाशी उभ्या राहिल्या आणि मग आत जाऊन त्यांनी दोडका चिरला. राहिलेले बी राखेत घोळून बरणीत घातले, ती बरणी स्वयंपाकघरातील फळीवर दोडक्याच्या बियांच्या बरणीशेजारी ठेविली, आणि तो विषय पुन्हा काढिला नाही. त्यास पुष्कळ वर्षे झाली, आणि ते बी देणारा भाऊही वारला.

मग शके एकोणीसशे वीस, बहुधान्य संवत्सरी, चैत्रात राणीसाहेबांच्या पोटात गाठ निघाली. मोठ्या शहरी नेऊन दाखविले, वैद्यांनी मान हलविली, आणि घरी आणून खाटले परसाच्या खिडकीपाशी घातले. अन्न जाईना. राजे जवळ बसून म्हणाले, "काय करू तुझ्यासाठी? काय खावंसं वाटतं, सांग." राणीसाहेब म्हणाल्या, "खायला काही नको. एकदा फुललेला घोसाळ्याचा वेल बघायचाय. तो पहाटे फुलतो. माहेरी पाण्याला निघाले की आधी ती पिवळी फुलं दिसायची." राजे म्हणाले, "दोडक्याचीही फुलं पिवळीच की." तेव्हा राणीसाहेब म्हणाल्या, "तुमचा दोडका दिवस मावळताना फुलतो. तुम्ही मांडवाखाली चहा घेत बघता. मी त्या वेळी चुलीपुढे असते. मला कुठला दिसायला?"

हे ऐकून राजे बहुत कष्टी जाहले. इतकी वर्षे संध्याकाळी फुलांखाली बसलो आणि चहा आणून देणारी कधी तेथे टेकली नाही, हे त्यांच्या ध्यानी त्या दिवशी आले. त्यांनी हुकूम केला जे, या साली मांडव घोसाळ्याचा. नलिनी म्हणाली, "बाबा, आईला विचारून मी लावते बी." राजे म्हणाले, "नको. मीच लावणार, आणि तिला विचारायचं नाही. वर आलं म्हणजे बघेलच." मग फळीवरील दोन्ही बरण्या काढिल्या. एक भरलेली, एकीत तळाशी थोडे बी, राखेने दोन्ही सारखेच काळेकरडे. राजांनी विचार केला, घोसाळे कधी लाविलेच नाही, तर त्याचे बी खर्चलेच नसणार, सबब भरलेली बरणी घोसाळ्याची. वास्तविक दोडक्याचे बी दरसाल नवे धरून बरणी भरावी लागते, परंतु ज्याने जन्मभर नुसते पान पुढे ओढिले त्यास हे कोण सांगणार. राजांनी भरल्या बरणीतील बी लाविले.

वेल वर आला, मांडवास लागला, आषाढ सरता कळ्या धरल्या. तेव्हापासून राजे रोज अंधार असता उठत, स्वतः चहा करीत, तो फार गोड होई, आणि राणीसाहेबांस उशीला टेकवून बसवीत आणि दोघे खिडकीतून मांडवाकडे बघत. कळ्या मिटलेल्या. राजे म्हणत, "उद्या उमलतील." राणीसाहेब म्हणत, "उमलतील." मग उजाडेपर्यंत गोष्टी चालत. माहेरची विहीर, भावाचे पोहणे, नलिनीला गोवर निघाला ते साल. जे संसारात बोलावयाचे राहिले ते सर्व निघाले. एके पहाटे राणीसाहेब म्हणाल्या, "भिंतीकडचा वेल आठवतो?" राजे म्हणाले, "आठवतो. तण समजून कापला गेला." राणीसाहेब म्हणाल्या, "तण समजून नव्हता कापलात. मांडवाला भिडला म्हणून कापलात." राजे म्हणाले, "हो." राणीसाहेबांनी त्यांच्या हातावर हात ठेविला.

श्रावणात एके दिवशी राजे दिवस मावळताना औषध घेऊन आले, तो खिडकीबाहेर मांडव पिवळा झालेला. राजांनी औषधाची वाटी खिडकीत ठेविली. म्हणाले, "मथुरे, हा दोडका आहे." राणीसाहेब म्हणाल्या, "आहे खरा. मला पानावरूनच कळलं होतं, वेल हातभर होता तेव्हा." राजे म्हणाले, "मग बोलली का नाहीस? दुसरं बी लावलं असतं मी." राणीसाहेब म्हणाल्या, "लावलं असतंत. पण तो पहाटे फुलून गेला असता, मग असे रोज वाट बघत तुम्ही माझ्यापाशी बसला असता का?" राजे लहान मुलासारखे रडले. राणीसाहेब म्हणाल्या, "बसा आता. संध्याकाळची फुलं मी पहिल्यांदाच बघते आहे. छान दिसतात. उगीच नाही तुम्ही हटून बसायचात." मग उभयता अंधार पडेतो बसले.

पुढे कोवळा दोडका धरला, तेव्हा राजांनी स्वतः चकत्या करून बेसनात तळल्या, काही करपल्या, काही कच्च्या राहिल्या. राणीसाहेबांनी अर्धी चकती खाल्ली आणि म्हणाल्या, "अगदी घोसाळ्यासारख्या लागतात." हे खरे नव्हे, परंतु त्या तसे बोलल्या. आणि भाद्रपद वद्यात, मांडव दोडक्यांनी वाकलेला असता, राणी मथुराबाई कैलासवासी जाहल्या. ते दोडके कोणी काढिले नाहीत, वेलावरच वाळले.

पुढील साली मृगाच्या आधी राजांनी फळीवरील दुसरी बरणी काढिली, तळाशी उरलेले बी राख झटकून ओंजळीत घेतले आणि मांडवाच्या चारही खांबांशी पुरले. रोज पहाटे उठून पाणी घातले, वाट पाहिली. एकही उगवले नाही. बी जुने झाले होते. आदल्या साली बरोबर बरणी उचलली असती तर तेव्हा तरी उगवले असते काय, याचाच राजे घोर करीत, आणि ज्यांस विचारावे त्या नव्हत्या. नलिनी म्हणाली, "बाबा, बाजारात घोसाळ्याच्या बियांची पुडी मिळते, मी आणते." राजे म्हणाले, "नको गं. ते तिचं नव्हे." त्या साली मांडवावर काही चढले नाही. राजे अजून अंधार असता उठतात, चहा दोन कप करतात आणि खिडकीपाशी बसतात. सेवकाने हे डोळ्यांनी पाहिले.

सारांश, दोडका पथ्याचा, संध्याकाळी फुलतो. घोसाळे मऊ, पहाटे फुलते. दोहींत थोर कोण, ही स्वामींची पृच्छा. त्यास विनंती जे, निवाडा करण्यास दोन्ही वेल पाहिले पाहिजेत, आणि त्या राज्यात दुसरा वेल मांडवावर कधी चढलाच नाही. सबब निवाडा देता येत नाही. लेखनसीमा.