धबधब्याचं चित्र

मुलांनो, डोळे मिटा आणि एक नीटनेटकं घर समोर आणा. आणलंत? आता एक सत्य पक्कं लक्षात ठेवा: सुसंस्कृत घरात कधीच काही बिघडत नाही. बिघडलेलं झाकलेलं असतं.

आपल्या गोष्टीतलं कुटुंब या बाबतीत फारच पुढारलेलं होतं. घरात बाबा, आई, आत्या आणि बारकी. फरशी फुटली, तिच्यावर गालिचा आला. चौकटीला वाळवी लागली, तिथे मण्यांचा पडदा आला. बारकीच्या पलंगामागे भिंतीतला पाइप झिरपू लागला, तेव्हा त्या ओलीवर धबधब्याचं भलंमोठं चित्र लागलं. (दुरुस्ती चित्रापेक्षा स्वस्त होती. पण दुरुस्त केलेला पाइप पाहुण्यांना दाखवणार कसा?)

"बाबा, माझी उशी ओली होते."

"पलंग जरा पुढे ओढ."

तिने ओढला. मागोमाग ओलही आली. पलंग खोलीच्या मधोमध पोचला, तेव्हा आत्या म्हणाली, "आता कसं ऐसपैस वाटतंय!"

बारकी खोकत होती. तिला फक्त कोरड्या अंथरुणात झोपायचं होतं. मुलांचे हट्ट असेच अवाजवी असतात.

आईने एकदा धीर करून विषय काढला. "अहो, दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकूया का? अचानक काही फुटलं, गळलं तर?"

"अभद्र बोलू नकोस," बाबा म्हणाले. "संकटासाठी पैसे ठेवायचे म्हणजे त्याला जेवायला बोलावणंच झालं."

"आणि ते नुसतेच पडून राहणार," आत्या कळवळली.

तर्क बिनतोड होता. शंभरातली नव्याण्णव घरं याच निर्णयाला येतात. उरलेल्या एकाला सगळे कंजूष म्हणतात. पाइपाला मात्र तर्क समजावून सांगायचा राहून गेला. एका रविवारी, पाहुणे चित्राचं कौतुक करत असतानाच तो फुटला. चित्र खाली आलं, धबधबा सुरूच राहिला. (एका पाहुण्याने टाळ्या वाजवल्या.) बारकीची गादी, दप्तर, सगळं भिजून चिंब.

प्लंबर आला. "पाइप पार गंजलाय. भिंत फोडावी लागेल. निम्मे पैसे आधी."

"पैसे आत्ता नाहीत," बाबा म्हणाले, "पण हा गालिचा बघा. हाताने विणलेला आहे."

"गालिच्याने पाणी थांबतं का, साहेब?"

"अजून तरी नाही थांबलेलं," आत्या प्रामाणिकपणे म्हणाली.

प्लंबरने पाण्याचा मुख्य नळ बंद केला आणि तो गेला. कोरड्या नळांच्या साक्षीने घरात बैठक बसली. ठरलं एकमताने: आधीपेक्षा मोठं चित्र आणायचं. (चित्र हप्त्यावर मिळतं. प्लंबर मिळत नाही.) आईचं मत मोजायचं राहिलं.

बारकीने उशी पिळली, काखेत मारली आणि शेजारचं दार वाजवलं.

"काकू, आज तुमच्याकडे झोपू?"

"अगं, ये की! हा बघ पलंग."

बारकी आडवी झाली नाही. पलंगामागच्या चित्राचा कोपरा तिने हळूच उचलला, आत पाहिलं, पुन्हा नीट ठेवला.

"नको काकू. मी पुढच्या घरी बघते."

पुढच्या घरी तेच झालं. त्याच्या पुढच्याही. अशी घरं बघत बघत ती आता तुमच्या दारात येऊन उभी आहे. मुलांनो, दार तुम्हीच उघडा. आईबाबांना थोडा वेळ लागेल. ते भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करताहेत.