ओढणीची गाठ

ठण्ण. वाटी फरशीवर पडली, गरगरली आणि थांबली.

शिवांजलीच्या डोळ्यांवर ओढणी करकचून बांधलेली. कुत्रं असणार, म्हणून तिनं "हाड, हाड" केलं. कुत्रं नव्हतं. विरजण मागायला आलेल्या शेजारच्या सुलाबाई होत्या, आणि त्या आल्या पावली परत गेल्या.

शिवांजली विट्यातल्या घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी वेबसाइट तपासायची, आंधळ्या माणसाला ती वापरता येते का ते बघायची. डोळे बांधायचे, संगणक वाचून दाखवेल तेवढंच ऐकायचं आणि फॉर्म शेवटपर्यंत भरायचा. मध्ये पट्टी सोडली की पुन्हा पहिल्यापासून. आजचा फॉर्म अंधांना मिळणाऱ्या मदतीचा होता. चारच्या आत चूक कळवली तरच दुरुस्ती होणार होती. आणि साखरेनं नजर गेलेले सासरे नाथाजी महिनाभर एकच घोकत होते, हा अर्ज माझा मी भरणार.

"बटण," संगणक म्हणाला. मग आणखी तीनदा "बटण." कुठलं कशाचं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तिनं अंदाजानं एक दाबलं. सगळा फॉर्म पुसला गेला. असं तीनदा झालं.

विट्यातली बातमी पलीकडच्या आळीत जायच्या आधी परमुलखातल्या गलाईच्या दुकानात पोचते. तिथं सोनं गाळणारी निम्मी माणसं इथलीच. सुलाबाईंच्या लेकानं कोइमतूरला जयराजला सांगितलं, तुझ्या बायकोचे डोळे गेले. जयराजनं सात वेळा फोन लावला. पट्टी सोडायची नाही म्हणून शिवांजलीनं तो वाजू दिला. आठव्यांदा लावला नाही. तो विट्याच्या गाडीत बसला होता.

चौथ्या खेपेला तिसरं बटण दाबलं आणि फॉर्म पोचला. "नशीब असेल तर अर्ज भरता येतो," असं तिनं अहवालात लिहिलं, पुसलं, आणि चारही बटणांना नाव नसल्याचं कळवलं. मग ओढणी सोडली.

सोप्यात गल्लीतल्या बायका बसल्या होत्या, मांडीवर बिस्किटांचे पुडे. मधोमध नाथाजी. "माझी गेली ती गेली," ते म्हणत होते, "पोरीची कशाला न्यायची रं देवा?"

"आबा, मला दिसतंय."

मग सुलाबाई म्हणाल्या, "व्हय? मग मघाशी हाड कुणाला केलंस गं?"

नाथाजी डोळे पुसत हसले. तेवढ्यात चार वर्षांच्या बनूनं खाली पडलेली ओढणी उचलून निरखली. मग आजोबांच्या पाठीमागं गेली आणि त्यांच्या केसांतून बोटांनी काहीतरी चाचपत राहिली.

"आई, आबांची गाठ कुठं बांधलीया?"