उकळत्या पाण्यातला कांदा

डीएनएला कुणी हरवू शकत नाही, असं मी सोनईच्या आमच्या शाळेत छातीठोकपणे जाहीर केलं. विज्ञानाचा मास्तर आहे मी, भितो काय कुणाला! "उकळत्या पाण्यात टाका! दोन पदरी दोर असतो, पदर सुटतात. पण हळूहळू निवू द्या, पदराला पदर बरोबर जुळतो!" पालकसभेत हे करून दाखवायचं ठरलं.

डीएनए कांद्यातून काढायचा होता. कांदा घरंदाज हवा, म्हणून पडवीतली निवडक कांद्यांची पाटीच उचलून नेली. बायको अश्विनी वावरात होती, विचारायचं राहून गेलं.

कांदा ठेचला. त्यात मीठ, भांड्यांचा साबण, वरून गार स्पिरिट. पांढरे धागे तरंगले! टाळ्या! ते धागे काचेच्या नळीतल्या पाण्यात घालून उकळले.

"सुटले पदर!" मी ओरडलो.

"कुठं?" पहिल्या रांगेतले सूर्यभानतात्या चष्मा पुसत म्हणाले.

"दिसत नाहीत. फार बारीक असतात."

नळी निवली. "जुळले!"

"कुठं?"

"तेही दिसत नाही."

"सर, मग हे तर आमी बी करू!"

सभा खो खो हसली. आता डीएनएपेक्षा माझंच डोकं जास्त तापलं. "पुन्हा बघा!" म्हणत दुसरा कांदा ठेचला. तात्यांच्या प्रत्येक 'कुठं?'ला एक कांदा बळी जात राहिला. शेवटी पाटीचा तळ दिसला. दिवसभरात तेवढंच काय ते सगळ्यांना दिसलं!

तेवढ्यात पाटी शोधत अश्विनी शाळेत आली आणि पाटीत डोकावली.

"अहो, हे बियान्याचे कांदे हुते! सगळी कांदाचाळ धुंडाळून एकेक निवडला हुता मी! आता लावायचं काय?"

"त्यांचा डीएनए शाबूत आहे!" मी नळी पुढे केली.

"मग हीच नळी लावा वावरात!" म्हणून ती तरातरा निघून गेली.

संध्याकाळपर्यंत सभेतला शब्दन् शब्द अश्विनीच्या कानावर गेला होता. माझ्यापुढे ताट आलं. लखलखीत, पण रिकामं!

"भाकरी कुठं?"

"वाढलीय की. दिसत न्हाई तुमाला. लई बारीक हाय."

पण माघार घेईल तो मास्तर कसला! मी रिकाम्या ताटातून घास उचलला, सावकाश चावला आणि ठणकावून सांगितलं, "मीठ कमी आहे!"

"व्हय? मग साबन बी घालू का थोडा?"